विशेष विद्यार्थी सवलत

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या मायदेशात युद्ध पेटले, भूकंप झाला, सत्ता उलथली किंवा चलन कोसळले आणि त्यामुळे घरून येणारा पैसा आटला, तर त्याला एरवीपेक्षा जास्त तास काम करण्याची आणि कमी विषय घेऊन शिकण्याची तात्पुरती मुभा देणारी तरतूद. मूळ नाव ‘स्पेशल स्टुडंट रिलीफ’. विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयांत तिला नुसते ‘एसएसआर’ म्हणतात. अमेरिकेचे अंतर्गत सुरक्षा खाते म्हणजे होमलँड सिक्युरिटी एकेका देशासाठी स्वतंत्र सूचना काढून ती लागू करते. सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापली जाते.

‘सवलत’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. या तरतुदीत फी माफ होत नाही, कर्ज मिळत नाही, शिष्यवृत्तीही नाही. सरकार आपल्याच नियमांतली काही कलमे त्या विद्यार्थ्यापुरती बाजूला ठेवते, एवढेच. पैसे त्याने स्वतः कमवायचे असतात.

ती कलमे कोणती, हे कळल्याशिवाय मुभेचे मोल कळत नाही. एफ-१ विद्यार्थी शिकायला आलेला आहे, कमवायला नाही, हे या व्हिसाचे गृहीतक. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाची एकके, घ्यावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा आकडा विद्यापीठ ठरवते. पुष्कळ ठिकाणी तो ९ असतो. सत्र चालू असताना आवारातच, म्हणजे वाचनालयात, भोजनगृहात, प्रयोगशाळेत, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर अभ्यासक्रमाशी संबंध नसलेली नोकरी पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. त्यानंतरही ‘गंभीर आर्थिक अडचण’ दाखवून वेगळी परवानगी काढावी लागते. परवानगीशिवाय काम केले तर विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा जातो. विषय कमी पडल्यामुळे गेलेला दर्जा अर्ज करून पुन्हा मिळण्याची वाट तरी आहे. बेकायदा काम केलेल्याला नियमाने तीही बंद आहे. एखाद्या उपाहारगृहात रोखीने, गुपचूप केलेल्या कामाची खरी किंमत ही. अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज आणि अनुदान या विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि सरकारी विद्यापीठांतही त्यांना सहसा परराज्याच्या दराने, म्हणजे चढ्या दराने फी भरावी लागते. घरचा झरा आटला की कायद्याने उघडी अशी वाट फारशी उरत नाही.

आजच्या स्वरूपातल्या सवलतीचे मूळ आशियाई आर्थिक संकटात सापडते. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन, बाथ, डॉलरशी बांधलेल्या दरातून मोकळे सोडले. तोवर डॉलरला २५ बाथ पडत, जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या वर. इंडोनेशियाचा रुपिया संकटापूर्वी डॉलरला सुमारे २,४०० होता. १९९८ मध्ये तो १०,००० च्याही पलीकडे घसरला. जाकार्तातल्या एखाद्या बापाने मुलीच्या वर्षाच्या १०,००० डॉलर फीसाठी २ कोटी ४० लाख रुपिया बाजूला ठेवले असतील, तर तेवढ्याच फीला आता १० कोटींहून जास्त लागत होते. त्याची नोकरी शाबूत आणि बचत अखंड असली तरी हिशेब बसत नव्हता. १० जून १९९८ रोजी त्या वेळच्या इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन सर्व्हिसने इंडोनेशिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, थायलंड आणि फिलिपीन्स या पाच देशांसाठी सूचना काढली. तिच्या शब्दरचनेत एक बारकावा आहे: ती या देशांच्या ‘नागरिकांसाठी’ नव्हती, ज्यांच्या आर्थिक आधाराचा स्रोत या देशांत आहे अशा विद्यार्थ्यांसाठी होती. पुढच्या सूचनांत पासपोर्ट ही कसोटी आली आणि पैसा कुठून येतो हा प्रश्न मागे पडला. १९९८ ची रचना अधिक शहाणपणाची होती, कारण अडचण पैशाच्या उगमाशी असते, राष्ट्रीयत्वाशी नाही. अर्थात कचेरीला पासपोर्ट तपासणे सोपे जाते.

२००३ मध्ये इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन सर्व्हिस मोडून तिचे काम होमलँड सिक्युरिटीकडे गेले आणि सवलतीचा अधिकारही. २००५ मधले उदाहरण जरा उलटे आहे. कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सची महाविद्यालये त्या सत्रापुरती बंद पडली. संकट मायदेशात नव्हे, शिकण्याच्या ठिकाणीच आले होते. तेव्हाही याच तरतुदीचा आधार घेऊन बाधित परदेशी विद्यार्थ्यांना काम व कमी विषयांची मुभा दिली गेली. त्यानंतर मात्र यादी बहुतेक मायदेशांच्या संकटांचीच आहे: २०१० च्या भूकंपानंतर हैती, २०११ मध्ये लिबिया, २०१२ मध्ये सीरिया, २०१५ मध्ये नेपाळ, २०२१ मध्ये म्यानमार, २०२२ मध्ये युक्रेन, सुदान, अफगाणिस्तान, कॅमेरून, इथिओपिया. हाँगकाँगच्या रहिवाशांनाही ती मिळाली. तिथे ना भूकंप होता ना युद्ध, कारण राजकीय दडपशाहीचे होते. लिबियाचे प्रकरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. तिथले अनेक विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर आले होते. सरकारच कोसळू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी वडिलांचा पगार आणि देशाचा खजिना एकाच वेळी बंद झाला.

सूचना निघायला लागणारा वेळ देशागणिक फार वेगळा असतो. रशियाचे आक्रमण २४ फेब्रुवारी २०२२ चे. युक्रेनची सूचना १९ एप्रिलला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत छापली गेली. काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी पडले. अफगाण विद्यार्थ्यांची सूचना यायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. नेपाळचा ७.८ तीव्रतेचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, सूचना ९ नोव्हेंबरची. फी सत्राच्या सुरुवातीला भरायची असते. त्यामुळे मधल्या काळात ज्याने शिक्षण सोडले किंवा ज्याचा दर्जा गेला त्याला नंतरची सूचना उपयोगाची नाही, कारण अर्ज करताना विद्यार्थी प्रवेश घेतलेला आणि एफ-१ दर्जा सांभाळून असलेला हवा.

पुष्कळदा ही सूचना ‘टीपीएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तात्पुरत्या संरक्षित दर्जाच्या जोडीने येते. टीपीएस १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आलेला दर्जा आहे. संकटग्रस्त देशाच्या अमेरिकेत असलेल्या नागरिकांना तो ६, १२ किंवा १८ महिन्यांसाठी देता येतो. एकाच व्यक्तीकडे टीपीएस आणि एफ-१ दोन्ही असू शकतात आणि इथेच गफलत होते. टीपीएसचे कार्ड हातात आले की काम करायला हरकत नसते, पण त्या भरात विद्यार्थ्याने सवलत न घेताच विषय कमी केले तर त्याचा एफ-१ दर्जा जातो. टीपीएसला त्याच्या विषयांशी देणेघेणे नसते, एफ-१ ला असते.

प्रत्यक्ष कारभार ‘डीएसओ’भोवती फिरतो. विद्यापीठातला हा अधिकारी परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सेविस या केंद्र सरकारच्या संगणक प्रणालीत ठेवतो. विद्यार्थी त्याच्याकडे जातो, घरची परिस्थिती सांगतो, जमतील ती कागदपत्रे दाखवतो. ही अडचण मायदेशातल्या संकटाचा थेट परिणाम आहे अशी खात्री पटली की डीएसओ सेविसमध्ये नोंद करून नवा आय-२० छापून देतो. आय-२० हा विद्यार्थ्याच्या दर्जाचा मूळ कागद. त्यातल्या शेऱ्यांच्या चौकटीत आठवड्याला २० तासांहून जास्त काम आणि कमी विषय या सवलतीखाली मंजूर असल्याचे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, असे लिहिलेले असते. आवारातल्या कामाला एवढे पुरते. आवाराबाहेर काम करायचे तर त्या आय-२० सह आय-७६५ हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे पाठवून काम-परवान्याचे कार्ड मिळवावे लागते. कागदी अर्जाचे शुल्क एप्रिल २०२४ पासून ५२० डॉलर आहे. ते माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणूनच हा खटाटोप चालला आहे त्याने तो करावाच. सूचनांमध्ये पाकिटाबद्दलही सांगितलेले असते: दर्शनी बाजूला, खाली उजव्या कोपऱ्यात ‘स्पेशल स्टुडंट रिलीफ’ असे ठळक लिहावे, म्हणजे टपालाच्या ढिगातून ते वेगळे काढता येते. कार्ड हातात येईपर्यंत आवाराबाहेर एक तासही काम करायचे नाही. अर्ज पोचल्याची पावती म्हणजे परवाना नव्हे.

मुभा मिळाल्यावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान ६ क्रेडिट आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ३ क्रेडिट पुरतात. तेवढे घेतले की कायद्याच्या नजरेत तो पूर्णवेळ शिकतो आहे असे धरले जाते. यांतले ऑनलाइन शिक्षण एका विषयापुरते, फार तर ३ क्रेडिटपुरते चालते. पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण करण्याची अटही उठते. एफ-२ व्हिसावर सोबत असलेल्या पती किंवा पत्नीला मात्र काम करता येत नाही; कमावण्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावरच राहतो.

यातून किती साधते, हे कागदावर मांडून पाहावे. २० ऐवजी ४० तास काम आणि ताशी १५ डॉलर धरले, तर १५ आठवड्यांच्या सत्रात ४,५०० डॉलर जास्त हाती येतात, तेही कर कापण्याआधी. परराज्याच्या दराची सत्राची फी बहुतेक ठिकाणी याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे या कमाईतून खोलीचे भाडे आणि जेवण निघते, फीचा एखादा हप्ता निघतो. पूर्ण फी नाही. विषय निम्मे केल्यामुळे त्या सत्राची फी कमी होऊ शकते, जिथे ती क्रेडिटवर आकारतात तिथे. पण पदवी तेवढी लांबते आणि लांबलेल्या प्रत्येक सत्राचे भाडे व विमा वेगळा. आय-२० वरची अंतिम तारीखही डीएसओकडून वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटीने विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला चार वर्षांपर्यंतची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला. तसे झाले तर रेंगाळणारी पदवी हा आणखी एक अर्ज होऊन बसेल.

आणखी एक खाच विद्यापीठांच्या स्वतःच्या नियमांत आहे. केंद्र सरकारने ६ क्रेडिटला पूर्णवेळ मानले म्हणून विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची किंवा संशोधन साहाय्यकाच्या पदाची अट आपोआप बदलत नाही. इमिग्रेशनच्या दृष्टीने सुरक्षित असलेला विद्यार्थी त्याच सत्रात शिष्यवृत्ती गमावू शकतो. म्हणून विषय सोडण्याआधी डीएसओबरोबर शिष्यवृत्ती कार्यालयाचाही उंबरठा झिजवावा लागतो.

कोण बाहेर राहतो, तेही पाहिले पाहिजे. सूचना छापल्या तारखेला जो कायदेशीररीत्या अमेरिकेत आहे त्यालाच ती लागू, असे सहसा ठरलेले असते. महिनाभराने त्याच शहरातून, त्याच बॉम्बहल्ल्यांतून वाट काढत आलेला वर्गमित्र तिच्यात बसत नाही. जे-१ या विनिमय व्हिसावरचे विद्यार्थी परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना लागते. आणि सूचना काढावी की नाही हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असते. एखाद्या देशाची परिस्थिती किती वाईट झाली की ती निघते, याचे माप कुठे लिहिलेले नाही. ज्यांच्या देशाचे नाव नाही त्यांना ‘गंभीर आर्थिक अडचणीची’ नेहमीची वाट उरते: वर्ष पूर्ण, विषय पूर्ण, काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, आणि अडचण प्रत्येकाने आपली आपण सिद्ध करायची. वडिलांचा मृत्यू, धंद्यातले दिवाळे, अशा घरगुती आपत्ती याच रांगेत येतात. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांना मिळालेली ढील हा तिसराच प्रकार होता. ती सगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांना होती आणि तिच्यात जास्तीच्या कामाचा भाग नव्हता.

सूचनेला सुरुवातीपासूनच अंतिम तारीख असते. सीरियासारख्या काही देशांची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली. पण वाढ आपोआप मिळत नाही, नवा आय-२० आणि बाहेरच्या कामासाठी नवे कार्ड घ्यावे लागते. २०२५ मध्ये अफगाणिस्तान व कॅमेरूनसह काही देशांचे टीपीएस संपवण्याचे निर्णय झाले. विद्यार्थ्यांच्या सूचनेची तारीख मात्र वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणे पाहावी लागते. तारीख सत्राच्या मध्येच आली, तर सूचनांत एक तोडगा असतो: त्या सत्राच्या अखेरीपर्यंत कमी विषय चालतात. जास्तीच्या कामाची परवानगी मात्र त्या तारखेलाच संपते. तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस मुदत संपणाऱ्या विद्यार्थ्याकडे डिसेंबरपर्यंत दोनच विषय असतात, बाहेरची नोकरी गेलेली असते, आणि जानेवारीत त्याला पूर्ण १२ क्रेडिटची फी भरून नाव नोंदवायचे असते.