साक्षीभाव

मनात उठणारे विचार, राग, भीती यांबरोबर वाहून न जाता ते उठताना पाहत राहण्याची वृत्ती. ‘मी रागावलो’ आणि ‘मला राग आलेला दिसतो आहे’ या दोन वाक्यांत जेवढे अंतर, तेवढाच हा भाव. पण तेवढ्याच जागेत माणूस सावरतो आणि खचल्यावर पुन्हा उभारी धरतो.

‘साक्षी’ म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. एकाच झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो, हे ऋग्वेदातले रूपक मुंडकोपनिषदाने पुन्हा सांगितले. सांख्य दर्शनातला ‘पुरुष’, म्हणजे शुद्ध चैतन्य, हाही साक्षीच. मराठी घरांत ही दृष्टी तत्त्वज्ञानापेक्षा पाठांतरातून रुजली. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक मनालाच उद्देशून आहेत, आणि ‘मना’ अशी हाक मारायची तर मनापासून पाऊलभर दूर उभे राहावेच लागते.

आधुनिक काळात या साधनेचा सर्वांत बोलका प्रसंग बडोद्यात घडला. स्वातंत्र्यचळवळीतले नेते आणि पुढे योगी म्हणून ओळखले गेलेले अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते. मराठी ते इथेच शिकले आणि दांडिया बाजारातल्या खासेराव जाधवांच्या घरी बराच काळ राहिले. देवधर नावाच्या अभियंत्याकडून प्राणायाम शिकून त्यांनी तो रोज तासन्‌तास केला, तरी पुढे वाट अडली. सुरतेची काँग्रेस डिसेंबर १९०७ मध्ये फुटल्यावर ते बडोद्याला आले. धाकटे बंधू बारींद्र यांनी ग्वाल्हेरला तार करून विष्णू भास्कर लेले या मराठी साधकाला बोलावून घेतले. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळण्यासाठी जानेवारी १९०८ मध्ये दोघे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील खोलीत तीन दिवस बसले.

लेल्यांनी दिलेली रीत अगदी साधी होती. विचार करू नका, मनाकडे पाहा. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा. विचार बाहेरून येतो हे अरविंदांनी आधी कधी ऐकले नव्हते, पण त्यांनी शंका न काढता करून पाहिले आणि मन निःशब्द झाले. लेल्यांना ना विद्वत्तेचा लौकिक होता, ना पंथाचा डामडौल. तरीही अरविंदांनी हे ऋण आयुष्यभर मान्य केले. आपल्याकडे लेल्यांचे नाव याहून अधिक घेतले जायला हवे.

मन रिकामे झाल्यावर भाषण कसे करायचे, हा प्रश्न लगेच पुढे आला. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, शब्द येतील, असे लेल्यांनी सांगितले. १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत अरविंद तसेच बोलले. साक्षीभाव म्हणजे कामातून अंग काढून घेणे, हा समज इथेच खोटा ठरतो.

मे १९०८ मध्ये बॉम्बकटाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगातली एकांतकोठडी सुमारे ९ फूट लांब आणि ५-६ फूट रुंद होती. तिथे सुरुवातीच्या दिवसांत विचारांचा लोंढा आवरेना, वेड लागते की काय अशी भीती वाटली, हे त्यांनी स्वतः बंगालीत मोकळेपणाने लिहून ठेवले. ही कबुली फार मोलाची आहे. साक्षीभाव एकदा साधला की कायमचा पदरात पडतो असे नाही. तो सुटतो, पुन्हा धरावा लागतो. मे १९०९ मध्ये निर्दोष सुटेपर्यंत त्या कोठडीतच त्यांची साधना पक्की झाली.

भावना दाबणे म्हणजे साक्षीभाव नव्हे. दाबलेला राग दिसत नाही. इथे तर तो नीट दिसायला हवा असतो. उदासीनतेशीही त्याची गल्लत होते.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला ८ आठवड्यांचा सजगता-वर्ग (माइंडफुलनेस) बौद्ध ध्यानातून आला, पण विचाराकडे विचार म्हणून पाहणे हे सूत्र तिथेही आहे. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी पुढे त्यावर आधारलेली उपचारपद्धती तयार झाली. मात्र मोठा आघात सोसलेल्या माणसाला एकट्याने डोळे मिटून बसल्यावर जुने प्रसंग उसळून त्रास होऊ शकतो. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, थोडा वेळ आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने बसणे बरे.