रिमेक, की त्याच कथेवरचं नवं काम?

जुन्या टोकियोतल्या फुकागावाच्या पाणथळ भागातला एक कळकट गुत्ता, आत चोरटा माल उतरवून घेणारी टोळी, आणि शेवटी रात्रीच्या अंधारात चहूबाजूंनी हलत पुढे येणारे सरकारी शिपायांचे कंदील. जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशीचा 'इन ऑफ ईव्हिल' (1971) पाहिलेला माणूस हे कंदील सहसा विसरत नाही. सुरी चालवणारा तात्सुया नाकादाई आहे, नाव नसलेला दारुडा शिंतारो कात्सू आहे. हीच गोष्ट टीव्हीवर आली की लोक तिला 'रिमेक' म्हणून मोकळे होतात. पण गोष्ट मुळात कोबायाशीची नाही. ती शुगोरो यामामोतो या लेखकाची. टीव्हीवाल्यांनी चित्रपट पुन्हा केला की कथा पुन्हा वाचली, यात बराच फरक पडतो.

यामामोतोच्याच दुसऱ्या पुस्तकावर दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने 1965 साली 'रेड बिअर्ड' काढला. त्यात कुंटणखान्यातून सोडवून आणलेली ओतोयो नावाची पोरगी आहे. तापाने फणफणलेली, कुणावर विश्वास नाही. औषधाचा चमचा पुढे केला की ती हात मारून उडवते. म्हातारा डॉक्टर न चिडता पुन्हा भरतो, पुन्हा पुढे करतो. चित्रपटातलं हे सगळ्यात गाजलेलं प्रकरण, पण कुरोसावाने ते रचलं दोस्तोयेव्हस्कीच्या एका कादंबरीतल्या नेलीवरून. जपानच्या एनएचके या टीव्ही वाहिनीने याच पुस्तकावर 1972 मध्ये मालिका केली, 2017 मध्ये परत केली. त्यांना 'कुरोसावाच्या चित्रपटाचा रिमेक' म्हणणं म्हणजे यामामोतोचं श्रेय परस्पर कुरोसावाच्या खात्यात टाकणं. आपल्याकडे दर नव्या 'देवदास'च्या वेळी शरदबाबूंचं हेच होतं.

खरा रिमेक बघायचा तर 2007 चा 'त्सुबाकी सांजुरो', कुरोसावाच्या 1962 च्या त्याच नावाच्या चित्रपटाचा. याही कथेमागे यामामोतोच, पण त्याचा नायक तलवारीत बेताचाच. आपला आधीचा 'योजिम्बो' तुफान चालल्यावर कुरोसावाने त्याला त्यातल्या नटाच्या, तोशिरो मिफुनेच्या मापाचा तलवारबहाद्दर करून टाकलं. 2007 वाल्यांनी 1962 चीच पटकथा उचलली, त्यामुळे त्यांचा नायकही तोच बहाद्दर. मला विचाराल तर ती संधी वाया गेली. तो बेताचा रोनिन (बिनधन्याचा सामुराई) पडद्यावर बघायला मजा आली असती.

म्हणून नामावलीत 'मूळ कथा' या ओळीवर थांबायचं नाही, तिथे यामामोतो दोन्हीकडे असणारच. 'पटकथा' बघायची. 'इन ऑफ ईव्हिल'ची पटकथा तोमोए र्‍यू या नावाने आहे. हे टोपणनाव नाकादाईच्या पत्नीचं, यासुको मियाझाकीचं. तस्करांच्या गोष्टीच्या टीव्ही-आवृत्तीत हे नाव दिसलं तर रिमेक म्हणा, नुसतं यामामोतोचं असेल तर तो शब्द वापरू नका.