निंकम्पूप

निंकम्पूप : मूर्ख किंवा बावळट मनुष्य या अर्थाचे, बहुधा थट्टेने वा लटक्या रागाने योजले जाणारे इंग्रजी नाम. साधारणतः १६७० च्या दशकापासून ते लेखनात आढळते.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशात तो ‘नॉन कॉम्पोस’ या लॅटिन शब्दांचा अपभ्रंश मानला. ‘नॉन कॉम्पोस मेंटिस’, म्हणजे मन ताब्यात नसलेला, ही संज्ञा इंग्लिश कायद्यात रूढ असल्यामुळे हे मत सहज पटले आणि दीर्घकाळ टिकले. तथापि सर्वांत जुने रूप ‘निकम्पूप’ असे असून त्याच्या पहिल्या अवयवात दुसरा ‘न’ नाही. मूळ शब्द ‘नॉन’ असता, तर तो ‘न’ आरंभीच्या रूपांत अधिक ठळक दिसावयास हवा होता. ऑक्सफर्ड कोशकारांची ही हरकत सबळ आहे.

शब्दव्युत्पत्तीचा अभ्यासक अर्नेस्ट वीकली याने पूर्वपदात निकोडिमस किंवा निकोलस हे विशेषनाम असावे असे सुचविले आहे. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील निकोडिमस रात्री येशूकडे येतो आणि म्हातारा मनुष्य पुन्हा आईच्या उदरात शिरून जन्म कसा घेईल, असे भाबडेपणाने विचारतो. फ्रेंचमध्ये त्याचे नाव भोळसट मनुष्याला लावले जाई. जुन्या रूपांशी हे मत अधिक जुळते. उत्तरपदाचा संबंध फसविणे या अर्थाच्या ‘पूप’ या जुन्या क्रियापदाशी जोडला जातो. मागाहून आलेला ‘न’ हा त्याच अर्थाच्या, सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या ‘निनी’ या शब्दाचा प्रभाव असू शकेल. फ्रान्सिस ग्रोस याच्या १७८५ च्या बोलीकोशात ‘निकम्पूप’ आणि ‘निंकम्पूप’ ही दोन्ही रूपे एकाच नोंदीत दिली आहेत. त्यावरून ती काही काळ शेजारी शेजारी वावरत असावीत.

आज हा शब्द काहीसा जुन्या वळणाचा वाटतो. किल्ली आत ठेवून दार ओढून घेणाऱ्या मित्राला किंवा दूध सांडणाऱ्या मुलाला तो सहज ऐकवला जातो. खऱ्या भांडणात मात्र क्वचितच. ‘इम्बेसाइल’ आणि ‘मोरॉन’ हे मूर्ख याच अर्थाचे इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्रात बौद्धिक दुर्बलतेच्या श्रेणी म्हणून वापरले गेले. निंकम्पूप हा शब्द अशा वर्गीकरणात कधी शिरला नाही, हे त्याच्या सौम्यपणाचे एक कारण मानता येईल.