गाण्यांसाठी काय घ्यावं: होम थिएटर रिसीव्हर की स्टीरिओ अँप्लिफायर?

खोक्यावर '७०० वॅट' छापलेला रिसीव्हर (सिनेमासाठी पाच-सात स्पीकर चालवणारं यंत्र) आणि '५० + ५० वॅट'चा, फक्त दोन स्पीकर चालवणारा स्टीरिओ अँप शेजारी ठेवले की रिसीव्हरच नजरेत भरतो. पण आकडा कसा मोजलाय ते आधी बघा. रिसीव्हरचा मोठा आकडा बरेचदा एकच चॅनल (म्हणजे एकाच स्पीकरची बाजू) चालवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झच्या एकाच सुराला आणि १०% डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) धरून काढलेला असतो. चांगल्या स्टीरिओ अँपचा आकडा दोन्ही चॅनल एकदम चालवून, ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा) असा दिलेला असतो आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्याही आत असतं. माहितीपुस्तिकेत या अटी सापडल्या नाहीत, तर विक्रेत्याला विचारा.

शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅटवर एका मीटरला ८८ डेसिबल देणारा) स्पीकर १६ वॅटवर एका मीटरला १०० डेसिबल देतो. १० बाय १२च्या खोलीला ५० वॅट भरपूर झाले.

सारख्याच किमतीत रिसीव्हरमधले पैसे सात चॅनल, एचडीएमआय आणि डीकोडरमध्ये (सिनेमाचा आवाज स्पीकरांत वाटून देणारा भाग) विभागले जातात, ट्रान्सफॉर्मर मात्र सगळ्यांत मिळून एकच. म्हणून रोज गाणी आणि कधीतरी सिनेमा असेल, तर आमचा सल्ला स्टीरिओचाच. ४ ओहमचे स्पीकर असतील तर नक्कीच, कारण त्यावर साधा रिसीव्हर तापून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर लवकरच. यंत्र शोकेसच्या बंद खणात ठेवू नका. वर १५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि सेटटॉप बॉक्स त्याच्यावर चढवू नका.

घरात रिसीव्हर आहेच? मग लगेच खर्च करू नका. गाण्यांसाठी 'डायरेक्ट' मोड (आवाजात कमीत कमी फेरफार करणारा) लावून बघा. मात्र यात बऱ्याच मॉडेलवर रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणारी सोय) आणि सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर) दोन्ही बंद होतात. स्पीकर लहान असतील तर 'स्टीरिओ' मोड आणि ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचा बेस सबवूफरकडे पाठवणारी सीमा) जास्त भरीव लागतो. तरी समाधान झालं नाही आणि रिसीव्हरच्या मागे 'प्री-आऊट' (बाहेरच्या अँपला सिग्नल देणारी जोडणी) असेल, तर पुढच्या दोन स्पीकरसाठी स्टीरिओ अँप जोडता येतो. त्या अँपमध्ये 'होम थिएटर बायपास' हवा, म्हणजे त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम मध्ये येत नाही. नसेल तर अँपचा व्हॉल्यूम एका खुणेवर पक्का ठेवा आणि रिसीव्हरचं कॅलिब्रेशन (स्पीकरांचे आवाज जुळवणं) पुन्हा करा. चालू करताना आधी रिसीव्हर, मग अँप. बंद करताना उलट.

वायर ५ मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर तांब्याची चालते. एकही तार सुटी राहिली आणि शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली, तर बेस पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध थांबत नाही.

शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती असल्या की झांजा कानाला टोचतात, आणि दोष अँपला जातो. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये सोलापुरी चादर दुहेरी घडी करून अंथरा. टोच कमी होते. घुमणारा बेस मात्र चादरीने जात नाही, त्यासाठी स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा.

दुकानात ऐकायला येताना तानपुरा आणि तबला असलेलं, तुमच्या कानात बसलेलं रेकॉर्डिंग आणा. डग्ग्याची घुमक स्वच्छ थांबते का, तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते का, ते बघा. दोन्ही यंत्रांचा आवाज आधी सारखा करून द्यायला सांगा, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.