व्हर्च्युअलबॉक्समध्ये उरलेल्या नोंदी: काय काढावे आणि कशाला हात लावू नये

जुने पेजमेकर, जुने मराठी टंक किंवा जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू राहावे म्हणून ज्या छापखान्यांनी व कार्यालयांनी आमच्याकडून व्हर्च्युअलबॉक्सवर (एका संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजेच ‘मशीन’, चालवणाऱ्या प्रोग्रामवर) विंडोज एक्सपी बसवून घेतले आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मशीन सुरू आणि बंद कसे करायचे हे आपणांस ठाऊक आहेच. यादीत उरलेल्या नोंदींविषयी मात्र वारंवार विचारणा होते, आणि त्या काढण्याच्या प्रयत्नात कामाच्या फाईलीच पुसल्या जातात, म्हणून हा खुलासा करीत आहोत.

डाव्या बाजूच्या यादीत दिसणारे नाव ही केवळ नोंद असते. मशीनची मांडणी ‘.व्हीबॉक्स’ या फाईलमध्ये असते, तर प्रत्यक्ष मजकूर ‘.व्हीडीआय’ या फाईलमध्ये, म्हणजेच आभासी हार्ड डिस्कमध्ये असतो. विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमधून आपण फोल्डर हलवला किंवा त्याचे नाव बदलले, तर प्रोग्रामला ते कळत नाही. तो जुन्याच जागी शोधत राहतो आणि नावापुढे ‘इनॅक्सेसिबल’ असे दाखवतो. फोल्डर बाहेरच्या डिस्कवर असेल, तर पुष्कळदा ड्राइव्हचे अक्षर बदललेले असते. ते पूर्ववत करून ‘रिफ्रेश’ केल्यास नोंद पुन्हा जिवंत होते. फोल्डर खरोखरच दुसरीकडे नेला असेल, तर जुन्या नोंदीवर ‘रिमूव्ह’ करावे आणि ‘मशीन’ मेनूतील ‘अ‍ॅड’ने नव्या जागेवरची ‘.व्हीबॉक्स’ फाईल निवडावी. अशी बंद पडलेली नोंद काढल्याने डिस्कवरील काहीही पुसले जात नाही. सुस्थितीतील (बंद केलेले) मशीन यादीतून काढताना मात्र ‘रिमूव्ह ओन्ली’ आणि ‘डिलीट ऑल फाइल्स’ असे दोन पर्याय येतात; त्यांपैकी दुसरा कोणी वाचल्याशिवाय दाबू नये.

आता ज्या चुकीमुळे आमचे आणि त्याहून अधिक आपले दिवस वाया जातात, तिच्याकडे वळू. मशीनच्या फोल्डरमध्ये ‘स्नॅपशॉट्स’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो आणि त्यात महिरपी कंसातील लांबलचक अंक-अक्षरांचे नाव असलेली ‘.व्हीडीआय’ फाईल दिसते. नाव विचित्र आणि आकार मोठा, म्हणून ती जुना कचरा समजून पुसली जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन केली, की मूळ डिस्क तेथेच गोठते आणि त्यानंतर आपण केलेले प्रत्येक काम या विचित्र नावाच्या फाईलमध्ये लिहिले जाते. मशीन आपल्या हाती देतानाच आम्ही एक स्नॅपशॉट घेतो. त्यामुळे ही फाईल गेली, तर मूळ डिस्कवर फक्त आम्ही दिलेले कोरे एक्सपी उरते, आपली एकही जुळणी किंवा बिल नाही.

पुढचे पाऊल याहूनही महागात पडते. घाबरून मूळ डिस्क नव्या मशीनला जोडून सुरू केली, की तिच्यात नवे लेखन होते, आणि मग पुसलेली फाईल परत मिळवली तरी तिचा मूळ डिस्कशी मेळ बसत नाही. म्हणून फाईल पुसली गेल्याचे लक्षात येताच ते मशीन आणि ती मूळ डिस्क यांपैकी काहीही सुरू करू नये, त्या ड्राइव्हवर दुसरे काही साठवू नये आणि आम्हांस कळवावे.

‘मग तुम्ही स्नॅपशॉट घेताच कशाला?’ असे काही ग्राहक विचारतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा नियमित आधार 8 एप्रिल 2014 रोजी बंद केला. अशा प्रणालीत बिघाड झाल्यास स्वच्छ स्थितीवर काही मिनिटांत परतता यावे, म्हणून आम्ही ही पद्धत ठेवली आहे आणि ती बदलण्याचा विचार नाही. ज्यांना स्नॅपशॉट नकोच असेल, त्यांनी तो प्रोग्राममधूनच काढावा. तसे केल्यास दोन्ही फाईलींतील मजकूर एकत्र केला जातो. त्यास वेळ आणि डिस्कवर मोकळी जागा लागते, आणि ते चालू असताना संगणक बंद करू नये.

डिस्कची प्रत करून जोडताना ‘याच ओळख-क्रमांकाची डिस्क आधीच नोंदलेली आहे’ अशा अर्थाची सूचना येते. एक्सप्लोररमधून केलेल्या प्रतीत ओळख-क्रमांकही तोच राहतो, हे त्याचे कारण. प्रत हवी असेल, तर ‘क्लोन’ वापरावे. पूर्वीची डिस्क खरोखर नष्ट झाली असेल, तर ‘मीडिया’च्या यादीत तिच्यापुढे इशाऱ्याचे चिन्ह दिसते; आधी ‘रिलीज’ आणि मग ‘रिमूव्ह’ करावे. फाईल पुसायची का, असे विचारल्यास ‘कीप’ निवडावे.

मांडणीच्या फाईली नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. खिडकी बंद केल्यानंतरही प्रोग्रामचा एक भाग काही काळ पार्श्वभूमीत चालू असतो आणि तो आपली दुरुस्ती पुन्हा पुसून टाकू शकतो, म्हणून आम्ही तो सल्ला देत नाही.

वार्षिक देखभाल करार केलेल्या ग्राहकांच्या मशीनची सद्यःस्थितीतील एकसंध प्रत आम्ही दर तिमाहीस त्यांच्याच बाहेरील डिस्कवर काढून देतो. इतरांनाही ही सेवा स्वतंत्र शुल्कात मिळते. दुरुस्तीसाठी येताना संपूर्ण फोल्डर ‘स्नॅपशॉट्स’सह आणावा, केवळ मुख्य ‘.व्हीडीआय’ फाईल पेनड्राइव्हवर आणल्यास आम्ही काम स्वीकारत नाही, कारण तिच्यावरून आपले काम परत मिळणार नाही. फोन करण्यापूर्वी पडद्यावरील सूचनेचे छायाचित्र पाठवावे.