अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र परत का येते?

केंद्र सरकारच्या निधीतून महाविद्यालयाला मिळालेल्या अनुदानाचा पुढचा हप्ता अडतो, तेव्हा माझ्या पाहण्यात तरी कारण गैरव्यवहाराचे नसते. प्रामाणिकपणे केलेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, त्रुटी काढून परत आलेले असते आणि ती त्रुटी वेळीच कोणी समजावून सांगितलेली नसते.

पात्रतेचा भाग थोडक्यात सांगता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २ (फ) आणि १२ (ब) हे वेगवेगळे आहेत. पहिल्याने महाविद्यालयाला मान्यता मिळते, तर केंद्रीय अनुदानासाठीची पात्रता दुसऱ्याने येते, म्हणून दोन्हींची पत्रे प्राचार्यांच्या दप्तरात हाताशी असावीत.

मुदतीचा घोळ मात्र दरवर्षी होतो. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम (जीएफआर) २०१७ मधील नियम २३८ प्रमाणे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रक्कम जमा झाली असेल, तर ते वर्ष ३१ मार्च २०२४ रोजी संपले आणि शेवटची तारीख ३१ मार्च २०२५ ठरली. प्रकल्प तीन वर्षांचा आहे म्हणून प्रमाणपत्रही तीन वर्षांनी द्यायचे, हा समज पार चुकीचा आहे. शिवाय मंजुरीपत्रात याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी लागते, आणि ते पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारे फार थोडे असतात.

सर्वांत जास्त प्रकरणे अडकतात ती व्याजावर. नियम २३० प्रमाणे अनुदानावर मिळालेले व्याज हिशेब अंतिम होताच भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत, भरावे लागते. ते पुढच्या हप्त्यात वळते करून घेता येत नाही. समजा, ३,००,००० रुपये मिळाले, २,७४,३०० खर्च झाले आणि व्याज ६,४२० आले. प्रमाणपत्रात शिल्लक २५,७०० दाखवली आणि व्याजाचा रकाना कोरा सोडला, तर ते परत येणारच. खरी पंचाईत पुढे असते. अनुदान महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात जमा झाले असेल, तर त्यातले नेमके कोणते व्याज या अनुदानाचे, याचा दाखला बँक देऊ शकत नाही, आणि अनुदान देणारे कार्यालय नेमका तोच मागते. लेखापालाला मग दिवसागणिक शिल्लक मांडून व्याज काढत बसावे लागते. ज्यांनी अशा कामात रात्री घालवल्या आहेत त्यांच्या वतीने कळकळीने सांगतो, स्वतंत्र बचत खाते पहिल्याच दिवशी उघडा.

दुसरी अडचण ‘खर्च’ या शब्दाची आहे. २८ मार्चला संगणकांची ऑर्डर दिली, पण माल आणि बिल एप्रिलमध्ये आले, तर तो त्या वर्षाचा खर्च धरू नये. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कमही समायोजन होईपर्यंत आगाऊच राहते. तसेच भांडवली लेखाशीर्षाखाली, म्हणजे उपकरणांसारख्या टिकाऊ वस्तूंसाठी, आलेला पैसा प्रवासखर्चावर परवानगीशिवाय वळवला, तर खर्च कितीही योग्य असला तरी तो अमान्य होतो.

कागदपत्रे मोजकीच आहेत: जीएफआर १२-ए नमुन्यातील प्रमाणपत्र, लेखापरीक्षित जमाखर्च, मंजुरीपत्राची प्रत आणि व्याज भरल्याची पावती. मंजुरीपत्राचा क्रमांक व दिनांक प्रमाणपत्रावर अचूक उतरवावा आणि मागील वर्षाची अखेरची शिल्लक यंदाच्या आरंभीच्या शिल्लकेशी रुपयापर्यंत जुळवावी. सनदी लेखापालाच्या सहीसोबत १८ अक्षरांकांचा यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवाच. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांसाठी तो सक्तीचा आहे. केवळ या एका ओळीसाठी फाईल परत पाठवून महिनोन्‌महिने लोळत ठेवली जाते, तेव्हा संताप येतो. एका फोनवर मिटणाऱ्या गोष्टीसाठी संशोधन साहाय्यकाचे मानधन थांबता कामा नये.

राहता राहिली ती जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही (डेडस्टॉक रजिस्टर). अनुदानातून घेतलेली उपकरणे मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीशिवाय विकता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उपकरणाची नोंद बिलाच्या क्रमांकासह हवी. बिले प्रमुख संशोधकाच्या कपाटात राहतात, ते निवृत्त होतात आणि कपाटाची किल्ली सापडत नाही, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. म्हणून त्यांना ना-देय प्रमाणपत्र देण्यापूर्वीच मूळ बिले, बँकेचे पासबुक आणि नोंदवही लेखा विभागाने यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी ताब्यात घ्यावी.