पेशीकेंद्रक

पेशीकेंद्रक : वनस्पती, प्राणी, कवके आणि आदिजीव यांच्या पेशींतील दुहेरी पटलाने वेढलेले अंगक. पेशीतला जवळजवळ सगळा डीएनए यात असतो. अगदी थोडा तंतुकणिकांत आणि हरितलवकांत सापडतो. जीवाणूंचा डीएनए असा बंदिस्त नसतो, म्हणून ते आदिकेंद्रकी आणि वर सांगितलेले जीव दृश्यकेंद्रकी. सस्तन प्राण्यांच्या पेशीत केंद्रकाचा व्यास साधारणपणे ५ ते १० मायक्रोमीटर असतो व ते पेशीच्या घनफळाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापते.

शालेय पुस्तकांत केंद्रकाला ‘पेशीचे नियंत्रण केंद्र’ म्हटलेले असते. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे, कारण कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, याचे बरेचसे हुकूम बाहेरच्या पेशीद्रव्यातून आत येतात. जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्यातले केंद्रक निकामी करून तेथे डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बसवले. त्यांपैकी थोड्या अंड्यांतून धडधाकट बेडूक निपजले. आतड्याचे काम करणारे केंद्रक अंड्याच्या पेशीद्रव्यात गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून गर्भ घडवू लागले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. केंद्रकाचे वेगळेपण त्याच्या भिंतीत आहे. डीएनएवरून आरएनए उतरवून घेण्याचे काम भिंतीच्या आत होते, तर त्या आरएनएवरून प्रथिन बांधण्याचे काम बाहेर. जीवाणूत ही दोन्ही कामे एकाच जागी चालतात आणि आरएनए पुरता तयार होण्याआधीच रायबोसोम, म्हणजे प्रथिने बांधणारे कण, त्यावर चढतात.

निरीक्षण : कांद्याच्या मांसल पानाच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा. त्यावर विरल आयोडिनचा एक थेंब टाकून दोनेक मिनिटे थांबावे. मग आच्छादक काच एका कडेवर तिरकी टेकवून हळूच खाली सोडावी आणि जादा द्रव टिपकागदाने टिपून घ्यावा. केंद्रक पिवळसर तपकिरी ठिपक्यासारखे दिसते. काच एकदम सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेच्या या गोलांनाच नवखे विद्यार्थी केंद्रक समजतात. पापुद्रा दुमडला असेल तर दोन थरांच्या भिंती एकमेकींवर येऊन नुसते जाळे दिसते. कांद्याच्या पेशीचा मधला भाग मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असल्याने केंद्रक भिंतीकडे रेटले जाते. एखाद्या पेशीत ते मधोमध दिसले, तर सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू थोडा फिरवून पाहावा; बहुधा ते वरच्या नाहीतर खालच्या भिंतीला लागून असते. गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी मिथिलिन ब्लूने रंगवल्यास केंद्रक खरोखरच मध्याजवळ आढळते. रोगनिदान प्रयोगशाळेत ऊतींच्या कापांसाठी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही जोडी वापरतात. त्यात केंद्रक निळे-जांभळे आणि पेशीद्रव्य गुलाबी होते.

रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पानांच्या बाह्यत्वचेत पेशीगणिक हा ठिपका पाहिला आणि त्याला नाव दिले. त्याआधीही तो काहींच्या नजरेस पडला होता, पण तो सर्वसाधारण घटक असल्याचे ब्राउन यांनी दाखवले. १८६९ मध्ये फ्रीडरिक मीशर यांनी इस्पितळातल्या पट्ट्यांवरील पुवातून श्वेतपेशी गोळा केल्या व त्यांच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो त्यातच होता.

पटल आणि छिद्रे : केंद्रकाच्या दोन पटलांत २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेला सलग जोडलेले असते व त्यावर रायबोसोमही बसलेले असतात. प्राणिपेशींत आतल्या पटलाला लॅमिन नावाच्या प्रथिनतंतूंचे अस्तर असते. केंद्रकाला आकार आणि ताठरपणा त्याच्यामुळे येतो. दोन्ही पटले जेथे एकमेकांना जुळतात तेथे छिद्रे असतात. सस्तन पेशीच्या केंद्रकावर अशी काही हजार छिद्रे असू शकतात. प्रत्येक छिद्र म्हणजे सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रतींनी बनलेली, आठ आरे असलेल्या चाकासारखी रचना. तिच्या पोकळीत प्रथिनांच्या लवचीक शेपट्यांची दाट गर्दी असते. सुमारे ४० हजार डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) रेणू तिच्यातून आपसूक झिरपतात. त्याहून मोठ्यांना सोबत्याची गरज पडते.

ही सोबत कशी मिळते, ते एका उदाहरणावरून कळते. एसव्ही-४० या माकडांतील विषाणूच्या एका प्रथिनावर सलग ७ अमिनो आम्लांची खूण असते व त्यांतली ५ धनप्रभारी असतात. त्यातले एक लायसिन बदलले, तरी ते प्रथिन बाहेरच राहते. इंपॉर्टिन नावाचे वाहक ही खूण ओळखून प्रथिनाला धरतात व छिद्रातून आत नेतात. आत रॅन हे छोटे प्रथिन जीटीपी या ऊर्जावाही रेणूसह असते. ते इंपॉर्टिनला जाऊन चिकटते आणि इंपॉर्टिनच्या हातचे ओझे सुटते. परतीच्या मार्गावर नेमके उलटे घडते : बाहेर जाणारे ओझे आणि रॅन-जीटीपी या दोघांना एक्स्पॉर्टिन एकत्रच धरतो, बाहेर पोचल्यावर जीटीपीचा एक फॉस्फेट गट सुटून त्याचे जीडीपी होते आणि पकड सुटते. जीडीपीच्या जागी जीटीपी भरणारे विकर क्रोमॅटिनला (प्रथिनांवर गुंडाळलेल्या डीएनएला) चिकटून आत असते, तर जीटीपीचे विघटन घडवणारे प्रथिन बाहेर. वाहतुकीला दिशा मिळते ती एवढ्यावर. छिद्र स्वतः कोणालाही ओढत नाही. एका छिद्रातून सेकंदाला सुमारे हजार रेणूंची ये-जा होऊ शकते.

डीएनएची घडी : माणसाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांचा डीएनए टोकाला टोक जोडून ताणला, तर सुमारे २ मीटर भरेल. हिस्टोन प्रथिनांच्या आठ रेणूंच्या गोळ्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) डीएनए पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळला जातो आणि न्यूक्लिओसोम तयार होतो. दोऱ्यात मणी ओवावेत तशी ही माळ पुढे आणखी घड्या घेते. वापरातली जनुके सैल भागात असतात. घट्ट आवळलेला, बहुतांशी मूक भाग पटलालगत आणि केंद्रकीभोवती (केंद्रकातील एक गडद भाग, पुढे पाहा) दाटलेला दिसतो. प्रत्येक गुणसूत्राचा मुक्काम आपापल्या टापूत असतो, ते शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले नसतात. स्त्रीच्या पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र आवळून पटलाशी गोळा झालेले असते. या गोळ्याला बार पिंड म्हणतात; तो १९४९ मध्ये मांजरीच्या चेतापेशींत ओळखला गेला.

उतरवून घेतलेला आरएनए लगेच बाहेर सोडला जात नाही. त्याच्या एका टोकाला टोपी बसते, दुसऱ्या टोकाला ॲडिनिनची शेपटी लागते आणि मधले निरर्थक तुकडे कापून उरलेले जोडले जातात. स्नायूंतील डिस्ट्रोफिनचे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे. त्याची एक नक्कल उतरायला १६ तासांच्या आसपास लागतात, आणि काटछाट झाल्यावर हाती उरतात सुमारे १४ हजार अक्षरे. अशा अर्धवट मजकुरावर रायबोसोम चढले असते, तर निरुपयोगी प्रथिनांचा ढीग पडला असता. भिंतीचा मोठा फायदा हाच.

केंद्रकी : केंद्रकातील सर्वांत ठळक, गडद आणि पटल नसलेला भाग. रायबोसोमी आरएनएची जनुके माणसात १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवर आहेत व ती येथे एकत्र येतात. एका लांब रेणूचे तुकडे होऊन रायबोसोमचे तीन आरएनए घटक मिळतात. चौथा केंद्रकीबाहेर बनून येथे येतो. रायबोसोमची प्रथिने बाहेर पेशीद्रव्यात तयार होतात, छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत आरएनएशी जोडली जातात आणि छोटा-मोठा असे दोन उपघटक होऊन पुन्हा बाहेर पडतात. हा उलटसुलट प्रवास अव्यवहारी वाटतो खरा, पण पेशी तो अखंड करते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत, म्हणून कर्करोगाच्या पेशींतही, केंद्रकी मोठी आणि उठून दिसते.

विभाजन : प्राणिपेशीच्या सूत्री विभाजनात लॅमिनांना फॉस्फेट गट जोडले जातात, त्यामुळे अस्तर विस्कटते आणि पटल मोडते. गुणसूत्रे दोन टोकांना पोचली की फॉस्फेट निघतात व प्रत्येक संचाभोवती नवे पटल गुंडाळले जाते. यीस्टमध्ये मात्र पटल न मोडताच विभाजन उरकते. एखादे गुणसूत्र मागे रेंगाळले तर त्याच्याभोवती वेगळे सूक्ष्मकेंद्रक तयार होते. त्याचे पटल कच्चे असते, ते फाटले की आतल्या डीएनएची मोडतोड होते. किरणोत्सर्ग किंवा रसायनांनी जनुकांना इजा झाली का, हे तपासण्यासाठी अशी सूक्ष्मकेंद्रके मोजतात.

बिघाड : लॅमिन ए च्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने प्रथिनातून ५० अमिनो आम्ले गळतात आणि अर्धवट लॅमिन पटलाला चिकटून राहते. केंद्रके वेडीवाकडी, फुगवट्यांची होतात आणि लहान मुलांत प्रोजेरिया हा अकाली वार्धक्याचा दुर्मीळ विकार उद्भवतो. रक्ताच्या काचपट्टीवर मात्र केंद्रकाकडे रोजच लक्ष द्यावे लागते. न्यूट्रोफिल या श्वेतपेशीच्या केंद्रकाचे सहसा ३ ते ५ खंड असतात. सहा किंवा जास्त दिसले तर ब१२ जीवनसत्त्व वा फोलेटची कमतरता आहे का ते पाहतात. माणसाच्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच केंद्रक टाकून देतात. कधी त्याचा एखादा कण आत राहतो आणि प्लीहा तो वेचून काढते. प्लीहा काढलेल्या, किंवा सिकलसेलमुळे ती निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात हे हॉवेल-जॉली पिंड गडद, गोल ठिपक्यांच्या रूपात दिसत राहतात.